माकडघरातला दहावा

होटगीच्या ओढ्याकाठी जोतीरामच्या दहाव्याला कावळा काही शिवला नाही. सोलापूरच्या प्राणिसंग्रहालयात माकडं सांभाळण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. पोरानं, युवराजनं, हात जोडून कबूल करायचं तेवढं केलं: बहिणीचं, अंकिताचं, लग्न लावीन, आईला बघीन, तंबाखूसुद्धा सोडीन. कावळे बाभळीवर बसून निवांत ऐकत राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी जेवायला उठली.

जोतीरामच्या बायकोच्या, रंभाबाईच्या, घशाखाली मात्र घास उतरेना. नवरा कशात तरी अडकलाय, एवढं तिला कळत होतं. कशात, ते कळत नव्हतं.

दोन दिवसांनी ती सोलापुरात सात रस्त्याला बसमधून उतरली आणि विचारत विचारत, आयुष्यात पहिल्यांदाच, माकडघरापाशी पोचली. ‘वानर केंद्र’ अशी नवी पाटी होती. आत लिंबाची सावली पाण्यासारखी हलत होती. पिकल्या केळ्यांचा वास जड झाला होता. एकही माकड ओरडत नव्हतं.

सगळी ओळीनं बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, सुतकी माणसं बसतात तशी. पुढं केळीच्या पानावर भाताचा मुटका. भिंतीवर एक कावळा.

“तुमी मांडलंय व्हय हे?” तिनं नव्या राखणदाराला, शिवानंदला, विचारलं.

“न्हाय मावशी. तीच मांडत्यात. काका गेल्यापासनं रोज.”

“आन् कावळा?”

“बसतोय. शिवत न्हाय.” शिवानंद ओशाळला. “काका जाताना एकेकाला सांगायचे की, उद्या येतो म्हणून. लई शिस्तीनं.”

घरातून निघताना तिला त्यानं कधी एवढंही सांगितलं नव्हतं. तरी रंभाबाईला भरून आलं. एवढंच अडलं होतं तर. तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

“येतील हो,” ती म्हणाली. “उद्या येतील.”

कावळा उतरला. शिवला.

माकडं उठली आणि आवाज न करता आपापल्या फांदीवर गेली.

परतीच्या बसमध्ये तिला किती दिवसांनी डुलकी लागली. होटगीच्या अलीकडं जाग आली ती दचकूनच. सोडवायला गेली होती, आणि बोलावून आली होती.

सकाळी फोन वाजला.

“मावशी, तुमी हितं आलाय का?” शिवानंदचा आवाज दबका होता. “माकडं खाऊन बसल्यात. हौद भरलाय. मी तर अजून दाराबाहेरच हाय.”

“मग उघड की दार.”

“कुलूप आतनं लावलंय.”

रंभाबाईनं फोन कानाला घट्ट धरला.

बंद दाराच्या पलीकडं कुणीतरी सावकाश, खराट्यानं झाडत होतं.