पुढचा दिवा, मागचं चाक

"पप्पांनी दिव्यावर 'शुभ लाभ' चिकटवलंय," गाडीच्या स्टिअरिंगमागून डोकं वर काढत भावेश म्हणाला.

"कोणत्या दिव्यावर?"

"टायरची हवा कमी झाली की लागतो ना, पिवळा. त्याच्यावर."

भूमिका फडका हातात धरून तशीच उभी राहिली. दिवाळीची सुट्टी लागली होती. उद्या आजीला, प्रमिलाबाईंना, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुरतला न्यायचं होतं, म्हणून ब्राह्मणपुरीच्या घराच्या अंगणात गाडी पुसायचं काम भूमिका आणि तिच्या धाकट्या भावावर, भावेशवर, आलं होतं. सोबतीला जिनल होती. ती भूमिकाच्या वर्गातली, शहाद्याहून दोन दिवस राहायला आलेली.

जिनलने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दिवा जळतच होता.

"हात नका लावू गं त्याला," मोतीलाल, म्हणजे भूमिकाचे पप्पा, केळीच्या बागेकडे निघता निघता म्हणाले. "चार दिवस झाले, डोकं खातोय. पंक्चरवाल्या गिरधरने पुढच्या डाव्या चाकात दोनदा हवा भरली, तरी विझत नाही. सेन्सर बिघडलाय, दुसरं काय? सुरतहून आल्यावर बघू."

ते गेले. जिनलने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. पडद्यावर गाडीचं चित्र आलं आणि चार चाकांपाशी चार आकडे.

"उजवीकडे तेहेतीस, तेहेतीस," तिने वाचलं. "पुढचं डावं एकवीस. आणि मागचं डावं... शेहेचाळीस?"

"मागच्यात कोणी हवा भरली?" भूमिकाने विचारलं.

"कोणीच नाही. पप्पा म्हणाले ना, पुढच्यात भरली," भावेश म्हणाला.

त्याने खाली उतरून पुढच्या डाव्या चाकाला लाथ मारली आणि पाय धरून एका पायावर नाचला. "एकवीस म्हणे! हा तर दगड आहे."

"तूच ढ आहेस, चप्पल घालून लाथ मारतोस," जिनल म्हणाली. पण हसू कोणालाच आलं नाही.

भूमिकाने आकडे पुन्हा एकदा वाचले आणि म्हणाली, "भावेश, त्याच चाकाची टोपी काढ. थोडी हवा सोड. जिनल, तू आकडे बघ."

फुस्सऽऽ आवाज आला. जिनल पडद्याला डोळे लावून बसली.

"पुढचं एकवीसच आहे," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "भूमिका, मागचा आकडा उतरतोय. चव्वेचाळीस. बेचाळीस."

हवा पुढच्या चाकातून जात होती आणि आकडा मागचा कमी होत होता.

"म्हणजे पुढचं एकवीस..." भावेश म्हणाला आणि तिघांनी एकदमच मागच्या डाव्या चाकाकडे पाहिलं. ते खालून जरासं पसरलं होतं. इतकं जरासं, की रोज बघणाऱ्याला कळू नये.

"काय चाललंय?" विसरलेला मोबाइल घ्यायला मोतीलाल परतले होते. "उद्या पहाटे निघायचं, आणि तुम्ही हवा सोडताय? अक्कल आहे का?"

भूमिका चाकापासून बाजूला झाली नाही. "पप्पा, गिरधरकाकांना बोलवा. मी चुकले तर सुट्टीभर गाडी मी एकटी पुसेन."

गिरधर आला. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "मोतीलालभाऊ, मन्ही चूक शे. नवरात्रमा मीच चाकं बदलेल व्हतात. पुढलं मागं, मागलं पुढं. सेन्सर चाकाबरोबर गया, पण गाडीले सांगानं राही गयं."

"म्हणजे गाडी खरं बोलत होती," जिनल म्हणाली. "फक्त चाकाची जागा जुनी सांगत होती."

गिरधरने मागचं चाक काढून त्यावर साबणाचं पाणी ओतलं. एका ठिकाणी बारीक बुडबुडे फुटू लागले. त्याने पक्कड घातली, ओढली, आणि बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा उजेडात धरला.

"हाऊ तर दाभण शे. मिरचीनी गोणी शिवाना."

मोतीलालांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"दसऱ्याला गाडीला लिंबू-मिरची बांधायची होती," ते कसंबसं म्हणाले. "लिंबू दाभणाने ओवत होतो. टोक तुटून आतच राहिलं. म्हटलं, लिंबू वाया कशाला घालवायचं? चाकाखाली ठेवायला चालेल. तेच मागच्या चाकाखाली ठेवून गाडी वरून नेली."

गिरधर टायर रिमवरून उतरवून, आत हात फिरवून म्हणाला, "सुरतच्या वाटेवर, अक्कलकुव्यापुढे ट्रकांमध्ये, उन्हात, ऐंशीच्या स्पीडने हा फुटला असता."

मोतीलाल ओट्यावर बसले. "आईला मी मागे डाव्या बाजूलाच बसवणार होतो," ते म्हणाले. "याच चाकावर."

हे भूमिकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

प्रमिलाबाई जपाची माळ हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्या चाचपडत खाली आल्या आणि तिघांच्या डोक्यांवरून एकेक करून हात फिरवला.

"देवनी तुमना डोयामा बसीसन दखाडं," त्या हळूच म्हणाल्या. "आते पट्टी निंघनी का पहिले तुमलेच दखसू."

"पट्टी निघाल्यावर खरंच आधी आम्हालाच बघणार, आजी?" भावेशने विचारलं.

गिरधरने पंक्चर काढलं, चारही चाकांत सारखी हवा भरली आणि कोणतं चाक कुठे आहे ते गाडीला नव्याने शिकवलं. पैसे घ्यायला त्याने मान हलवून नकार दिला आणि जाताना भावेशला म्हणाला, "सुट्टीमा दुकानवर येत जा रे. पण लाथा मारू नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे गाडीत बसले. मोतीलालांनी चावी लावली आणि हात तसाच ठेवला.

"भूमिका, चारही आकडे मोठ्याने वाच. तू 'चला' म्हटल्याशिवाय गाडी हलणार नाही."