सुकलालचं विमान

पटो न पटो, हे घडलंय. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोपड्याजवळच्या एका गावात. आणि रात्री नाही हो... भर दुपारी!

ज्यांच्यासोबत घडलं ते माझे सख्खे मामा, प्रेमराज. जळगावला राहतात. भुताखेताचं नाव काढलं की आम्हालाच वेड्यात काढायचे.

मामांना एकच नाद. जुन्या फोटोतली विमानं ओळखायची. शेपटी बघायची, चाकं बघायची, आणि कुठलं विमान ते ठणकावून सांगायचं.

असाच एक फोटो घेऊन त्या गावच्या भागाबाई आल्या. सोबत त्यांचा मुलगा निंबा.

फोटोत मोकळं शेत, छोटं विमान, आणि पंखावर हात ठेवून उभा एक फेटेवाला. भागाबाईंचा बाप, सुकलाल. वाट चुकलेलं ते विमान त्यांच्या शेतात उतरलं होतं. ते उडालं, आणि त्याच दिवसापासून सुकलालचा पत्ता नाही.

"वाट दाखवायला बसून गेला," असं त्याची बायको मरेपर्यंत म्हणत राहिली. म्हणून आखाजीला त्याच्या नावाची घागर कधी भरली नाही. घागर पितरांची. जित्या माणसाची कशी भरणार?

"भाऊ, मना बाप यामा बसीसन गया व्हई का?" भागाबाईंनी विचारलं. "इतलंच सांगा. जीव टांगेल शे मना."

मामांनी फोटोवर नजर टाकली. "अक्का, हे एकट्या पायलटचं विमान. दुसऱ्याला जागाच नाही. भरा घागर."

भागाबाई हमसून हमसून रडल्या.

आखाजीच्या दुपारी निंबाचा फोन आला. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, निखाऱ्यावर घास टाकला... आणि...

"भाऊ, हाऊ आवाज ऐका!"

घर्र... घर्र... घर्र...

जुनं इंजिन. घरावर घिरट्या घालणारं.

"वर काय दिसतं?"

"काहीच नही शे, भाऊ!"

मामांनी मोबाइलमध्ये काढून ठेवलेला तो फोटो मोठा केला. पायलटच्या सीटमागे फोटोला घडी पडलेली. घडीच्या सुरकुतीत... दुसरी सीट.

विमान दोघांचं होतं!

मामा गाडी काढून सुसाट निघाले. पोचले तर भागाबाई केळीच्या बागेत, हातात कोयता. घड लागलेली केळी सपासप आडवी करत होत्या. निंबा डोकं धरून बसलेला.

"आई, वरीसनं पीक शे व!"

"बाप वर फिरी ऱ्हायना. त्याले उतराले जागा नही," त्या म्हणाल्या. "तवय आठे मोकळं वावर व्हतं."

मामांनी हात जोडले. "अक्का, चूक माझी. ती घागर काढून ठेवा."

"आते काय उपयोग? घागर भरीसन मी बलायं त्याले."

दुसऱ्या दुपारी आवाज खाली आला. अजून खाली... आणि थांबला.

मामा आणि निंबा धावले. बागेत पोचेपर्यंत आवाज पुन्हा सुरू होऊन लांब गेला होता.

कापलेल्या केळीवर चाकांचे दोन पट्टे. मधोमध एक बारीक चर. मामा वाकून बघत राहिले. फोटोतल्या विमानाला मागे चाक नव्हतं, नुसती लोखंडी दांडी होती. असा चर तीच पाडते.

चराशेजारी भागाबाईंच्या चपला.

भागाबाई... नाहीत.

पोलीस झाले, विहिरी झाल्या, तापी पालथी घातली. काही नाही.

आता पुन्हा आखाजी आलीय. काल निंबाचा फोन होता. एवढंच विचारलं त्यानं.

"भाऊ, आईना नावनी घागर भरू का नको?"

मामा फोन तसाच कानाला लावून बसले. एवढ्या उन्हात पंखा बंद करायला लावला मला.

"गप," म्हणाले. "ऐकू दे जरा."