हत्तीची सोंड काही होईना

दाराबाहेर पाऊल टाकलं आणि शिवगंगेच्या कपाळावर गार चुना पडला — टप्प!

"आगं बाई! दिसत न्हाय व्हय?"

तिनं वर पाहिलं. शिडीवरचा तरणा चितारी हसू दाबत होता. "दिसतंय की... आता तर लईच दिसतंय!"

झालं! बाईसाहेबांचा राग जो गेला तो गेलाच.

हा भीमाशंकर, मैंदर्गीचा. नवी पेठेतल्या कापडवाल्या वीरभद्रप्पांच्या लग्नात याच्याच बापानं दारालगतच्या भिंतीवर वरात रंगवली होती. वीस पावसाळ्यांत घोडे पुसले, नवरदेवाच्या हत्तीची सोंड गळून पडली. आता साल एकोणीसशे चौतीस, लेक शिवगंगा लग्नाची झाली, म्हणून अप्पांनी चित्र उजळायला काढलं. हट्ट एकच: भिंत पुरी झाल्याशिवाय मुलगी बघायला पाहुणे बोलवायचे नाहीत. बिनसोंडेचा हत्ती बघून व्याही काय म्हणतील?

रंग धरतो तो ओल्या चुन्यावर. त्यात चैत्रातलं सोलापूरचं ऊन! भिंतीवर सारखं पाणी शिंपायचं काम शिवगंगेकडं आलं. घोडे झाले, वाजंत्री झाले, राहिली सोंड. तिथं मात्र पोरीचा हात आखडला... चुना सुकला, रंगाचे पोपडे निघाले, सोंड खरवडून पुन्हा. एकदा, दोनदा, तीनदा!

चौथ्या दिवशी भीमाशंकर शिडीवरून खाली उतरला.

"पाणी मुद्दाम कमी घालता की तुमी."

"क... कळलं व्हय?"

"पयल्याच दिवशी. घागर शिडीपाशीच हुती. मी घालू शकलो असतो की."

"मग घातलं का न्हाय?"

तो कुंचल्याकडं बघत राहिला. "सोंड झाली की मला मैंदर्गीला जावं लागंल... म्हणून."

"आन् सोंड झाली की मला बघायला पाहुणे येतील... म्हणून!"

एका दमात सांगून टाकलं तिनं. तो तिला आवडत होता, फार फार आवडत होता, आणि आता ते त्यालाही कळलं होतं. तिला एकदम हलकं हलकं वाटलं.

भीमाशंकर ताठ झाला. "मग आजच पुरी करू!"

"आँ?"

"अर्धं काम टाकून अप्पांपुढं कुटल्या तोंडानं उभा राहू? पाणी आणा!"

ती धावली. घागरीवर घागर, पदर चिंब, बांगड्यांना चुना — आणि हत्तीची सोंड डौलात वर उठली.

दिवे लागायच्या वेळी वीरभद्रप्पा दुकानातून आले. भिंत बघून खूश झाले, लेकीला म्हणाले, "झकास! गंगव्वा, उद्याच पाहुण्यांना सांगावा धाडतो."

भीमाशंकरानं धोतराला हात पुसले. "अप्पा... पाहुणे मैंदर्गीचे बोलवा. माझी आई येईल, तुमी हो म्हणत असाल तर."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. मग कोपरापर्यंत चुन्यानं माखलेल्या लेकीकडं वळले.

"व्हय!" ती म्हणाली.

"अगं, पण मी अजून इचारलंय कुटं?" अप्पा म्हणाले, आणि मिशीतलं हसू त्यांना काही लपवता आलं नाही.