सावलीपुढचा खटला

देवगिरी प्रांताच्या उच्च न्यायालयात सरकारी वकील आताशा युक्तिवाद करीत नसत. बॅग घेऊन येत, निमूट बसत आणि निकालाची घटका आली की बॅगेतून ताजा अध्यादेश काढून पुढे ठेवत. ज्या कायद्याला आव्हान दिलं, तोच रद्द झालेला असे आणि त्याच्या जागी त्याच मापाचा दुसरा आलेला असे. मग याचिकेवर ‘निरर्थक’ असा शेरा मारण्यावाचून न्यायमूर्तींच्या हाती काही उरत नसे. सरकारने कित्येक वर्षांत कोर्टाचा एकही निकाल मोडला नव्हता. मोडायला निकाल लागतच नव्हता.

केशवबुवा खांबेट्यांची याचिका न्यायमूर्ती शकुंतला पेंढारकरांनी अशीच तीनदा मरताना पाहिली होती. बुवा कीर्तनकार. कायदा म्हणे, कीर्तनात काय बोलणार ते आधी लिहून द्या, मंजुरी घ्या. आधी त्यात ‘कीर्तन’ हा शब्द होता, मग ‘धार्मिक निरूपण’ आला, मग ‘समूहापुढील ध्वनी’. फास तोच, दोरी तेवढी नवी. बुवांचं म्हणणं साधं होतं. पूर्वरंग ते तयार करून येत. पण मध्ये बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो आणि समोरचे चेहरे पाहून उत्तररंगाचं आख्यान सुचतं. देव जे ऐन वेळी ओठांवर ठेवतो, ते आधी कुठून लिहून द्यायचं? न लिहिता उभे राहिले म्हणून गेल्या वर्षी ते तुरुंगात जाऊन आले होते. उद्या रामनवमी होती, आणि आपण पुन्हा उभे राहणार हे त्यांनी भर कोर्टात सांगून टाकलं होतं.

आज निकाल राखून ठेवायचा नाही, बसल्या जागी द्यायचा, असं पेंढारकरांनी ठरवलं होतं. त्याआधी त्यांनी साक्षीला बोलावलं डॉ. तन्वीर मुजावरांना. सरकारचं ‘मनछाया’ यंत्र त्यांनीच बांधलं होतं आणि नंतर नोकरी सोडली होती.

“मला कळेल असं सांगा,” पेंढारकर म्हणाल्या.

“मॅडम, तुमचे सगळे निकाल, कोर्टात विचारलेले प्रश्न, कुठे थबकता, कुठे आवाज चढतो, हे सारं आम्ही संगणकाला पाजलं. त्यातून तुमच्या मनाची सावली तयार झाली. सरकार खटला आधी तिच्यापुढे चालवतं. ती कायदा घटनाबाह्य म्हणाली की कायदा बदलतं.”

“सगळ्याच न्यायमूर्तींची सावली आहे?”

“काहींची जमलीच नाही. माणूस बघून, वारा बघून ज्यांचा निकाल फिरतो, ते यंत्राच्या हाती लागत नाहीत. तुमची हुबेहूब आली.” मुजावरांनी मान खाली घातली. “तुम्ही घटनेला सोडून कधी वागलाच नाहीत.”

कुणी थोबाडीत मारावी तसं पेंढारकरांना झालं. आयुष्यभराचा सचोटीचा संसार, आणि त्याचीच किल्ली करून चोर घरात शिरला होता.

“तिला चकवायचं कसं?”

“घटनेला धाब्यावर बसवून निकाल द्या.”

“म्हणजे बुवांच्या विरुद्ध.”

“हो.”

पुढच्या बाकावरून बुवा हसले. “म्हणजे यंत्र चुकलं तरी जिंकणार सरकारच. बाईसाहेब, असा पेच मी आख्यानात घातला असता तर लोक म्हणाले असते, बुवा, फार ताणताय.”

पेंढारकरांनी जागच्या जागी कायदा घटनाबाह्य ठरवला. सरकारी वकील उठले आणि त्यांनी अध्यादेश पुढे ठेवला. जुना कायदा कालच रद्द झाला होता. उत्तर येण्याआधी पळ काढणारा कायदा याचिका संपवत नाही, असं म्हणत पेंढारकरांनी तो नवाही रद्द केला. वकिलांनी दुसरा कागद काढला.

“याच्यावर तारीख कधीची?”

“परवाची, मॅडम.”

बदललेला कायदाही आपण रद्द करू, हे परवा पेंढारकरांच्या स्वप्नातही नव्हतं. संतापाने त्यांनी समोरची फाईल ढकलून दिली.

“आणखी आहे?”

“एक आहे.”

“तो कशासाठी?”

वकिलांनी वर पाहिलं नाही. “आपण रागाने उठून जाल, त्यानंतरसाठी.”

पेंढारकर खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. परत बसावं, तर बॅग अजून उघडीच होती.