छान आहे, काही अडचण नाही

कँटीनमध्ये समोर बसलेल्या अनोळखी तरुणापुढे तिने मोबाइल सरकवला. "समजा, तुमच्या छातीत दुखतंय. मदत मागा."

"बाप रे! आल्या आल्या?" तो हसला, त्याने लाल बटण दाबलं आणि ऐटीत म्हणाला, "झालं."

"मेलात की! खाली बघा."

खाली बारीक अक्षरांत विचारलं होतं – नक्की पाठवू? तो कानापर्यंत लाल झाला. "अहो... हे ॲप मीच लिहिलंय."

ती इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. ती माणसांना ॲप वापरायला देऊन शेजारी गप्प बसणारी. मदत करायची नाही, फक्त बघायचं, हेच तिचं काम. पण त्याच्याकडे बघणं जरा जास्तच व्हायला लागलं.

मग साहेबांनी फर्मान काढलं: हातात पंधरा दिवस, चाचणी एकच. तिला आठ म्हातारी माणसं समोर बसवून बघायची होती. त्याला बीटा हवी होती, म्हणजे एकट्या म्हाताऱ्यांच्या दोनशे घरांत ॲप देऊन टाकायचं आणि तक्रारींची वाट बघायची.

"तो खालचा प्रश्न लोकांना दिसत नाही रे," ती म्हणाली.

"वाचतील गं. माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

असं म्हणून त्याने बघितलं... आणि मीटिंगमध्ये आपल्या या बाईसाहेबच म्हणाल्या, "बीटाच करू." प्रेमात पडल्यावर अक्कल गहाण पडते म्हणतात, ती अशी.

तक्रारी आल्या तीन, त्याही रंगाबद्दल. तो खुशीत होता. दोनशेंत त्याची आत्या होती, त्याला लहानाचं मोठं केलेली. तिने लिहून पाठवलं होतं, 'छान आहे, काही अडचण नाही.'

बाराव्या दिवशी भर दुपारी, घरात एकटी असताना, आत्या छातीत दुखून गेली.

त्यानंतर चौथ्या दिवशी तो तिच्या चाचणीच्या खोलीत येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "मोबाइल हातातच होता तिच्या. लाल बटण दाबलं होतं तिने. खालचं नाही."

तिने समोरची वही मिटली. "मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. तुला वाईट वाटेल म्हणून. तू... मला फार आवडतोस म्हणून."



"शेजारच्या काकू सांगत होत्या, आत्याला मदत मागणं एकदाही जमलं नव्हतं. म्हणाली, पोराने एवढ्या हौसेने केलंय, नावं कशाला ठेवू?" त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही दोघीही माझं मन राखत बसलात!"

ती रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही, असंच तिला वाटलं.

"मग आता नाही राखत. सोमवारी हे ॲप बाजारात जातंय. थांबव. साहेबांना सगळं सांग – माझं गप्प बसणंही. आपली नोकरी जाईल, जाऊ दे."

"आणि तू मघाशी म्हणालीस ते?"

"ते आहेच. त्याचं उत्तर नको मला. आधी हे थांबव."

तो उठला. दारापाशी जाऊन थांबला, पण वळला नाही.

"चल," तो म्हणाला. "मला एकट्याला नाही सांगता येणार."