शेपटीचा कोपरा

१९९४ चा पावसाळा सरता सरता भालचंद्रला पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडं, डोंगरातल्या वनउद्यानात मासे मोजायची नोकरी लागली. तात्पुरती. ओढ्यातल्या माशांचा नीट आकडा दिला तर कायम होणार होती, आणि बायकोला, ताराला, सातवा महिना असल्यामुळं कायम होणं भागच होतं. दोघं ओढ्याकाठच्या क्वार्टरमध्ये राहत. प्यायला पाणी ओढ्याचंच.

मासे एकेक करून मोजता येत नाहीत. ते रांगेत उभे राहत नाहीत. म्हणून सोमवारी तीस धरायचे, शेपटीचा वरचा कोपरा कातरायचा, सोडून द्यायचे. गुरुवारी पुन्हा जाळं टाकायचं. त्यात खुणेचे किती, बिनखुणेचे किती, यावरून सगळ्यांचा अंदाज निघतो. कात्री मंजूर झाली नव्हती. भालचंद्रनं ताराचं नेलकटर नेलं.

गुरुवारी जाळ्यात बावन्न आले. बावन्नही कातरलेले.

"तीसच कापले होते ना मी?" त्यानं वॉचमन रखमाजीला विचारलं.

"मोजणारे तुम्ही, साहेब. मी निस्तं गेट उघडून राह्यलो."

कापल्याच्या जागा जुन्या होत्या, भरून आलेल्या. मासा चढूच शकणार नाही अशा, धबधब्याच्या वरच्या डोहात भालचंद्र गेला. तिथंही तेच. मग काठच्या उथळ पाण्यातून त्यानं ओंजळीत पिल्लं घेतली, कालपरवा अंड्यातून निघालेली, तांदळाच्या दाण्याएवढी. भिंग धरलं.

कोपरा नव्हता.

"रखमाजी, हे कोण करतं?"

रखमाजीनं मुंडासं जरा वर सरकवलं. डाव्या कानाचा वरचा कोपरा नव्हता. तिरका, सफाईदार.

"कुणी कापला?"

"कापला न्हाई. जन्मताच. आमच्या वस्तीत समद्यायचाच आसतो. पाणी हेच ना."

भालचंद्र हसला. रखमाजी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यानं ताराला जालन्याला माहेरी नेलं. आकडा राहिला, नोकरी गेली.

दिवाळीनंतर मुलगी झाली. सासूबाईंनी ती त्याच्या हातात दिली. टोपडं घट्ट बांधलेलं. भालचंद्रनं बोटं मोजली. वीस. पुन्हा मोजली.

मग त्याचा हात टोपड्याच्या बंदाकडं गेला.

"राहू द्या," तारा भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "वारं लागतं तिला."

खिडकी बंदच होती.