रामहरीच्या कनेक्शनवरचा सिनेमा

"ताई, माझ्या ऋतुराजला आत टाकतील का?" रामहरी योगिनीच्या दारातूनच म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुष्काळाचं साल. मुकुंदवाडीतल्या त्याच्या घरच्या इंटरनेटवरून चौदा मेच्या सकाळी कुणीतरी नवा सिनेमा चोरून वाटला होता. नोटीस रामहरीच्या नावाने आली. मुलगा नुकताच पोलीस भरतीत निवडला गेला होता. गुन्हा नोंदला की नोकरी गेलीच.

खासगी गुप्तहेर योगिनी लगेच निघाली. सोबत तिचे मदतनीस नानासाहेब होते. त्यांना गुन्हेगार पहिल्या भेटीतच सापडतो, आणि नेहमी चुकीचा.

"पोरानंच केलंय," ते जिन्यातच कुजबुजले.

"मी नाय केलं," ऋतुराज एवढंच बोलला. रामहरी त्याच्याकडे बघायलाही धजत नव्हता.

योगिनीने राउटर पाहिला. तो थेट भिंतीतल्या प्लगला जोडलेला होता. घरात इन्व्हर्टर नव्हता.

वरची भाडेकरू मोनिका तेच वायफाय वापरायची. ती उसळली. "चौदाला? त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. सबंध सकाळ हंडे वाहिले मी. पाणी सुटलं की गल्लीची लाईट बंद करतात, कुणी मोटर लावू नये म्हणून. सिनेमे कधी वाटू?"

दुसऱ्या दिवशी दोघं शहराच्या छावणी भागात पुंडलिकच्या ऑफिसात गेले. रामहरीला इंटरनेटचं कनेक्शन त्यानेच दिलं होतं.

"सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडंच असतात. लोकांच्या ध्यानात ऱ्हात नाय."

"एक लॉगिन दोन ठिकाणी चालतं?"

"नाय. पहिलं बंद पडलं तरच दुसरीकडं लागतं."

"इथं पाण्यासाठी लाईट घालवतात?"

"छावणीत? छे!"

संध्याकाळी योगिनीने सगळ्यांना रामहरीच्या घरी बसवलं.

"त्या सकाळी गल्लीत लाईट नव्हती. म्हणजे हा राउटर बंद होता. या घरातून काहीच जाऊ शकत नव्हतं. पण इंटरनेट कंपनीला लॉगिन दिसतं, घर दिसत नाही. हे लॉगिन दुसरीकडे लावायला रामहरींचा पासवर्ड हवा, आणि चालू लाईट हवी. दोन्ही तुमच्याकडे होतं, पुंडलिक."

पुंडलिकचा चेहरा पांढराफटक पडला. "गिऱ्हाईकाच्या नावावर गेलं की आपल्याला कोण धरतंय, असं वाटलं, ताई."

"मला आधीच शंका होती," नानासाहेब म्हणाले.

रामहरीने मात्र कपाळाला हात लावला. "मी सकाळीच पोलीस ठाण्यात लिहून दिलं, मीच केलं म्हणून."

"आत्ताच जाऊ. खरं काय ते सांगू," योगिनी म्हणाली.

"आबा," ऋतुराजचा आवाज फाटला, "मला एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं, अन् तू व्हय म्हणाला असतास तर? लई भ्याव वाटलं रं."

ऋतुराजने वर पाहिलं नाही.